बीबीसी मायक्रोवरून चिप बर्न करणं: रिकामटेकडेपणा?

कोथरूडकर: कालच्या धाग्यात 'लॅपटॉप असताना चाळीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरून एटीटायनी बर्न करणं म्हणजे रिकामटेकडेपणा' असं वाचलं आणि राहवलं नाही. (एटीटायनी ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप, बर्न म्हणजे तिच्यात प्रोग्राम भरणं.) १९८४ च्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात आपल्या शाळांत आलेली हीच बीबीसी मायक्रो मशिनं. बाहेरच्या जोडण्यांसाठीच्या यूजर पोर्टमागे ६५२२ ही इनपुट-आउटपुट चिप बसलेली आहे. तीन पिना आउटपुट, एक इनपुट, सगळं पाच व्होल्टवर. एटीटायनी१३ थेट जोडा. रिसेटची पिन खाली, शून्य व्होल्टला ओढायची, २० मिलिसेकंद थांबायचं, मग एसी ५३ (प्रोग्रामिंग सुरू करायची आज्ञा, हेक्समध्ये) पाठवायचं. तिसरा बाइट जाताना ५३ परत आलं की चिप ऐकतेय. बेसिक भाषेच्या संथपणाने काही बिघडत नाही, क्लॉकचे ठोके आपणच देतो. लॅपटॉपवर नुसतं 'अपलोड' दाबणाऱ्याला यातलं काय दिसतं?

पोटासाठी_फर्मवेअर: दिसायची गरजच काय? मी रोज हेच काम करतो. आजचा सी कंपायलर त्या जुन्या मशीनवर चालत नाही. बीबीसी मायक्रो मॉडेल बीची अख्खी रॅम ३२ केबी, एटमेगा३२८ या मोठ्या चिपची नुसती फ्लॅश, म्हणजे प्रोग्रामची मेमरीच तेवढी. फाइल ठेवणार कुठे?

कोथरूडकर: फ्लॉपीवर. चिपच्या फ्लॅशचं एक पान १२८ बाइटचं. तेवढंच वाचायचं, भरायचं, पुढचं घ्यायचं.

प्रॅक्टिकलवाली: 'गरजच काय' वाचून डोकं फिरलं. आमच्या कॉलेजात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरची किट कपाटात कुलूपबंद. जर्नलमधलं आउटपुट आदल्या बॅचचं उतरवलेलं. त्याच्या पोर्ट झिरोला पुल-अप (पिन वर ओढून धरणारे रेझिस्टर) का लागतात, हे नोकरीत कळलं.

पोटासाठी_फर्मवेअर: कुलपाचा दोष माझा?

प्रॅक्टिकलवाली: तुमच्यासारखेच मुलाखती घेतात आणि पोरांना काही येत नाही म्हणतात!

बुधवारपेठी: किट कशाला हवी? पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून सुटे भाग आणून आम्ही घरीच शिकलो.

प्रॅक्टिकलवाली: घरी! आम्ही होस्टेलवर होतो. संध्याकाळी सातला गेट बंद, आणि खोलीत सोल्डरिंग गन सापडली की जप्त. फी लॅबची घेतली होती ना? मग लॅब उघडा. हौशी मुलांच्या आठवणी सांगून कॉलेजला सोडू नका.

बुधवारपेठी: आवाज कशाला चढवता? गेटचं माहीत नव्हतं. फीचा मुद्दा बरोबर आहे.

पोटासाठी_फर्मवेअर: मूळ मुद्द्यावर या. एवढं देतो: मध्यंतरी एक बोर्ड प्रोग्राम होईना, सॉफ्टवेअर फक्त 'चिप सापडत नाही' म्हणत होतं. रिसेटवर नको तेवढा मोठा कपॅसिटर निघाला. एसी ५३ कधी जातं हे ठाऊक होतं म्हणून स्कोप (सिग्नल दाखवणारा ऑसिलोस्कोप) नेमका तिथे लावला. तरी नवशिक्याला जुनं मशीन शोधत फिरवू नका.

कोथरूडकर: नका फिरवू. आर्डुइनो ऊनो बोर्डच्या चार पिना स्वतः हलवून दुसरी चिप बर्न करायला लावा. तयार लायब्ररी मात्र वापरू देऊ नका.