विषय: फॅन्जिओ आल्याने ईगल्सच्या बचावात नक्की बदलणार काय?

प्रेषक: मुग्धा, एक्स्टन
५ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाच्या नोंदणीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवते आहे, माफ करा. आमच्या घरी आठवडाभर एकच वाद चालू आहे. आपल्या फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, ईगल्सनी, विक फॅन्जिओला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा प्रशिक्षक, म्हणून आणलंय, पण खेळाडू तर बरेचसे तेच. मग फरक पडणार कशाने? आमच्या ह्यांचं म्हणणं, डिसेंबरात आधीचे कोऑर्डिनेटर शॉन देसाई यांच्याकडून सूत्रं काढून मॅट पॅट्रिशियाला दिली तेव्हाही सगळे 'आता बघाच' म्हणत होते. बघितलं की! दहा विजय आणि एक हार, तिथून ११-६, आणि टॅम्पात ३२-९ असा मार खाऊन गाशा गुंडाळला. आडनावामुळे मला जरा जास्तच वाईट वाटलं, तो भाग वेगळा. प्रदीपकाका, तुम्हीच सांगा. सोपं करून.

मुग्धा

---

प्रेषक: प्रदीप, चेरी हिल
६ फेब्रुवारी २०२४

मुग्धा,

देसाईंचं मलाही वाईट वाटलं. या एनएफएल लीगमधला भारतीय वंशाचा पहिला कोऑर्डिनेटर, त्यातून इथल्याच टेम्पल विद्यापीठात डॉक्टरेट केलेला माणूस. आणि शिकागोत त्याने काम केलं ते फॅन्जिओच्याच हाताखाली. तेव्हा टीव्हीवर 'आता नवी स्कीम' असा गजर चाललाय ना, त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. आराखडा बराचसा ओळखीचाच असेल. तो कोणाकडून, कोणत्या जागेवर आणि किती चोख करून घेतला जातो, तिथे फरक पडेल.

मूळ कल्पना अशी. दोन सेफ्टी, म्हणजे बचावातले सगळ्यात मागचे गडी, खोल उभे, आणि स्नॅप होईपर्यंत (चेंडू खेळात येईपर्यंत) दोघांचं उभं राहणं अगदी एकसारखं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, समोर बघतो तेव्हा त्याला कळत नाही की दोघं मागेच थांबणार, की एक झपकन खाली सरकणार, की डाव्या अर्ध्यात एक मांडणी आणि उजव्यात दुसरीच. चेंडू हातात आल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि त्यात अर्धाएक सेकंद जातो. बाकी तत्त्व आपल्या क्रिकेटचंच. लाँगऑन-लाँगऑफ सीमारेषेवर, एकेरी धाव घे बाबा, चौकार मिळणार नाही. दहा-बारा प्ले (चाली) न चुकता खेळून दाखव, मग शेवटची रेषा गाठून घे टचडाउन.

याची किंमत पुढे मोजावी लागते. दोघं मागे गेले की बॉक्समध्ये, म्हणजे पुढच्या गर्दीत, माणूस कमी पडतो. मग चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंगबॅकला अडवायला पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांनी एकाऐवजी दीड-दीड फट सांभाळायची. समोरच्याच्या छातीवर हात रोवायचे, त्याला जागच्या जागी थोपवायचं, आणि चेंडू कुठल्या बाजूने येतोय हे दिसेपर्यंत कुठेच कलायचं नाही. नुसतं मुसंडी मारून आत घुसण्यापेक्षा हे फार जिकिरीचं, आणि आकडेवारीत दिसतही नाही. जॉर्डन डेव्हिस आणि जेलन कार्टर यांना ते जमेल असं मला वाटतं. काळजी कॉर्नरबॅकची, म्हणजे कडेला पास झेलणाऱ्यांना अडवणाऱ्यांची, आहे. स्ले काय, ब्रॅडबेरी काय, दोघांनी तिशी गाठली आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिथे तरणं रक्त घेतलं नाही तर फॅन्जिओच काय, त्याचा बापही काही करू शकणार नाही.

प्रदीप

---

प्रेषक: निखिल, एडिसन
६ फेब्रुवारी २०२४

काका, हे काही पटलं नाही. ईगल्सचे जुने कोऑर्डिनेटर जिम जॉन्सन यांचा बचाव पाहत आपण मोठे झालो. त्यांचा सेफ्टी ब्रायन डॉकिन्स कुठून अंगावर येईल याचा समोरच्याला पत्ता नसायचा. फिलीला असा बचाव लागतो. हा फॅन्जिओ ब्लिट्झ (चौघांपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) म्हणजे जणू उपवासाच्या दिवशी कांदा, असा वागतो. शिवाय मायामीच्या संघातून एकाच वर्षात त्याचं बिऱ्हाड हललं, ते का?

---

प्रेषक: प्रदीप, चेरी हिल
६ फेब्रुवारी २०२४

निखिल, पाचवा माणूस पाठवलास की मागे एक जागा उघडी पडते. चौघांत भागत असेल तर उगाच पाचवा कशाला? भागेल की नाही, हा प्रश्न रास्त आहे. मायामीचं मायामीला माहीत.

---

प्रेषक: निखिल, एडिसन
३० सप्टेंबर २०२४

काका, जुना धागा वर काढतोय. टॅम्पा ३३, आपण १६. त्याआधी अटलांटाच्या कझिन्सने शेवटच्या दोन मिनिटांत सगळं मैदान पार करून सामना नेला. चार सामन्यांत दोन हार. एकेरी धावा देता देता शतक दिलं की हो!

---

प्रेषक: प्रदीप, चेरी हिल
१ ऑक्टोबर २०२४

टॅम्पाचा सामना पुन्हा बघ, आवाज बंद करून. मांडणी चुकलेली फारशी दिसत नाही, टॅकल सुटलेले दिसतात. ही स्कीम छोटा पास देऊ करते ती झेलणारा तिथल्या तिथे आडवा होणार या भरवशावर. तो निसटला की सगळंच मुसळ केरात.

आता सुट्टीचा आठवडा आहे. यंदाच्या ड्राफ्टमधल्या, आयोवाच्या कूपर डीजीनला स्लॉटमध्ये (कडेऐवजी आतल्या बाजूला) उभा करा, असं माझं मत. पोरगा अंगावर जाऊन टॅकल करतो. आणि झॅक बॉनकडे लक्ष ठेव. आधीच्या सेंट्स संघात हा कडेचा माणूस, त्यातही बहुतेक वेळ स्पेशल टीममध्ये, म्हणजे किकच्या वेळी. ३५ लाख डॉलर, करार एका वर्षाचा. फॅन्जिओने त्याला मधल्या लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या फळीमागच्या, जागी आणलं आणि ब्राझीलच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन सॅक केले, म्हणजे पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला आडवं केलं.

---

प्रेषक: मुग्धा, एक्स्टन
१० फेब्रुवारी २०२५

मंडळी, सुपर बोल जिंकला, ४०-२२!! घसा बसलाय. काका, टीव्हीवर सांगत होते की आपण कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक माहोम्स याच्यावर एकदाही ब्लिट्झ केला नाही आणि तरी सहा सॅक. हे खरं?

---

प्रेषक: प्रदीप, चेरी हिल
१० फेब्रुवारी २०२५

अगदी खरं. दुसऱ्या क्वार्टरमधला तो डाव आठव. लागोपाठ दोन सॅक, आधी आपला स्वेट, मग हंट. तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आणि १६ यार्ड हवेत. मागे सात माणसं, त्यामुळे माहोम्सला मोकळा कोणी सापडेना. उजवीकडे पळता पळता त्याने मध्ये फेकला आणि डीजीनने तो मध्येच झेलून ३८ यार्ड नेला, थेट टचडाउन. बाविसाव्या वाढदिवशी! २०२३ मध्ये गुण देण्याच्या बाबतीत आपला बचाव ३२ संघांत तिसावा होता, या मोसमात दुसरा. यार्डांत तर पहिला.

---

प्रेषक: निखिल, एडिसन
१० फेब्रुवारी २०२५

सगळ्यांचं अभिनंदन! पण काका, हे श्रेय खेळाडू निवडणाऱ्या रोझमनचं. क्विन्यन मिचेल आणि डीजीन एकाच ड्राफ्टमध्ये मिळाले तर कोणीही कोऑर्डिनेटर हुशारच दिसेल. देसाईंना ही पोरं कुठे मिळाली होती?

---

प्रेषक: प्रदीप, चेरी हिल
११ फेब्रुवारी २०२५

देसाईंबद्दल तुझं म्हणणं मान्य, शंभर टक्के. पण बॉनला आत कोणी आणलं? तो पहिल्या संघाचा ऑल-प्रो झाला (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला), हे रोझमनच्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

आता स्वेट आणि मिल्टन विल्यम्स, दोघांचे करार संपताहेत, आणि अशा रात्रीनंतर त्यांचा भाव आपल्याला परवडणार नाही. चौघांतलं भागणं या दोघांच्या जिवावर होतं. पुढच्या वर्षी पाचवा माणूस पाठवायची वेळ आलीच, तर निखिल, पहिला मेल तुझा येऊ दे.

प्रदीप