आर्थर रोड, डोंगरी, भायखळा... तुमच्या घरातलं कोण 'आत' होतं?

लालबागची_लेक
काल सात रस्त्याहून टॅक्सीने येताना जेलची ती उंच भिंत दिसली आणि आजोबा आठवले. गिरणीत साच्यावर (मागावर) होते. ५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून आर्थर रोडला गेले. आजी बाबांना कडेवर घेऊन मुलाखतीला गेली, तर जाळीपलीकडून पहिला प्रश्न काय, "खोलीचं भाडं भरलंस का?" ती जन्मभर हेच सांगून चिडायची. आजोबा किती दिवस होते, कुठल्या बराकीत, घरात कागदाचा चिटोराही नाही. तुमच्याकडे असं कोणी? लिहा ना.

साडेनऊची_फास्ट
आमच्याकडे उलटं. पणजोबा तिथेच शिपाई, सगळं बिऱ्हाड क्वार्टर्समध्ये. आत्याच्या लग्नाच्या बोलणीत आजी कौतुकाने म्हणाली, "आमची उभी हयात जेलात गेली हो." पाहुण्यांचे पोहे हातातच 😂

लालबागची_लेक
😂😂 जमलं का मग लग्न?

साडेनऊची_फास्ट
जमलं. काका अजून टोमणे मारतात.

परळकर
वडील परळ वर्कशॉपला. ७४ चा रेल्वे संप, ८ मे ला सुरू झाला, वीस दिवस चालला. धरपकड आधीच सुरू होती. ते ठाण्याच्या जेलात होते, धाग्यात बसत नाही, तरी लिहितोय. इकडे आईला क्वार्टर खाली करायची नोटीस. शेजारणींनी भांडी आपापल्या घरात वाटून ठेवली, काही परत आलीच नाहीत. आमचा पितळी बंब अजून कोणाकडे तरी असणार. कुकर झाला, येतो.

चिमणी
डोंगरीचं कोणीच कसं नाही? १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणाच्या बदनामीचा खटला) टिळक-आगरकर १०१ दिवस तिथेच होते. खटल्यात जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी केलेली, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. पुढे तिथे मुलांचं सुधारगृह झालं. माझी मावशी तिथे शिवण शिकवायची. पावसाळ्यात भिंतींना पोपडे धरायचे, मुलं त्यात नखांनी गावांची नावं कोरायची. स्वतःची नाही, गावांची.

मी_मालवणी
सात रस्त्याची ती वडापावची गाडी आहे का हो अजून? लसणीची सुकी चटणी द्यायचा तो.

परळकर
गेली. टॉवर झाला तिथे.

बंड्याची_आई
@लालबागची_लेक काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर आहे, तिथे विचार. आमचे आजोबा ४२ चे. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला सहा महिन्यांच्या कारावासाचा दाखला लागतो, नाहीतर सोबतच्या कैद्यांची प्रमाणपत्रं. सोबतचे एक वारलेले, दुसऱ्यांना आजोबाच आठवेनात! वर कचेरीने फाइल परत पाठवली, का तर नावात 'राव' जास्त. आजोबांनी नाद सोडला, आजीने नाही सोडला, मिळवलीच. एक सांगते, नुसत्या आडनावावर शोधू नकोस. आमच्यांची नोंद स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव एवढीच होती.

लालबागची_लेक
बरं झालं सांगितलंस ताई. आजोबा गिरणीत एका आडनावाने, गावी दुसऱ्या. बाबांना विचारते. शनिवारी चालू असतं का ते?

बंड्याची_आई
सरकारी आहे गं, पाच दिवसांचा आठवडा. रजा टाक.

मी_मालवणी
आणि चटणी चिवडा गल्लीत मिळते, चौकशी केली आत्ताच.