सॅन डिएगोत पॉइंट लोमाला टाउनहोम भाड्याने घेतोय, आई सोबत असणार. काय बघावं?

निशिगंध:
नमस्कार. आम्ही फिनिक्सहून सॅन डिएगोला शिफ्ट होतोय. नवऱ्याचं ऑफिस डाउनटाउनला, म्हणून पॉइंट लोमा आणि ओशन बीच हे भाग बघतोय. एक टाउनहोम मनात भरलंय. खाली गॅरेज, मधे हॉल-किचन, वर दोन बेडरूम आणि समुद्र चालत जाण्याएवढा जवळ. आई सोबत राहणार आहे, वय 71, एक गुडघा बदललेला. घर व्हिडिओ कॉलवरच पाहिलंय आणि एजंट लीज पाठवतो म्हणतोय. आजवर अपार्टमेंटमध्येच राहिलो. सही करण्याआधी काय विचारू?

खारेवारे:
ताई, सगळ्यात आधी जिन्याचं विचारा. आय-5 हायवेच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, 30 फुटांपेक्षा उंच बांधता येत नाही. 1972 साली लोकांनी मतदान करून हा नियम आणला. तेवढ्या उंचीत गॅरेजवर दोन मजले बसवायचे म्हणून घरं अरुंद आणि जिने उभे. मधल्या मजल्यावर निदान टॉयलेट आहे का? नसेल तर आईंना प्रत्येक वेळी वर चढावं लागेल. कठडा दोन्ही बाजूंना आहे का तेही बघा. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा पायऱ्यांच्या धास्तीने दिवसचे दिवस खाली उतरल्याच नाहीत. समुद्र दोन गल्ल्यांवर, आणि त्या खिडकीत बसून. मला ते आजही लागून राहिलंय.

दुसरं, विमानं. वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे उड्डाणं बहुतेक पश्चिमेलाच, म्हणजे लोमा पोर्टल, पॉइंट लोमा, ओशन बीचच्या डोक्यावरून. रात्री 11:30 ते सकाळी 6:30 उड्डाणांना बंदी आहे, पण 6:30 वाजले की एकामागून एक सुरू. अंगणात फोनवर बोलताना वाक्य अर्ध्यावर थांबवून विमान जाऊ द्यावं लागतं. दोन गल्ल्या इकडे-तिकडे झाल्या तरी आवाजात खूप फरक पडतो, म्हणून घराचा नेमका पत्ता उड्डाणाच्या वाटेवर येतो का ते बघा. खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का हेही विचारा.

खारी हवा लोखंड खाते. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतली चाकं गंजली की दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आईंना ते जमणार नाही. मे-जूनमध्ये ढग दुपारपर्यंत हटत नाहीत, तेव्हा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. कपाट उघडून वास घ्या. फिनिक्सच्या कोरड्या हवेतून येताय म्हणून मुद्दाम सांगतोय.

कागदपत्र:
पैशांचं मी सांगते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. लहान वैयक्तिक मालकाला (भाड्याच्या जास्तीत जास्त दोन मालमत्ता, मिळून चार युनिटं) दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे. घर सोडल्यावर 21 दिवसांत हिशोबासकट परत मिळायला हवं. 1 जुलै 2025 पासून सुरू होणाऱ्या भाडेकरारात मालकाने सुरुवातीला घराचे फोटो काढून ठेवायचे असतात. तुम्हीही काढा.

टाउनहोमची खरी मेख भाडेवाढीत आहे. राज्याची मर्यादा 5 टक्के अधिक महागाई, पण वर्षाला 10 टक्क्यांच्या वर नाही. मात्र युनिट स्वतंत्रपणे विकता येणारं असेल, मालक कंपनी नसेल आणि ही मर्यादा लागू नाही अशी लेखी सूचना दिलेली असेल, तर ती लागत नाही. लीजमध्ये ते कलम शोधा. एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियमही मागवून घ्या. काही ठिकाणी गॅरेजमध्ये सामान भरून गाडी रस्त्यावर लावलेली चालत नाही, आणि दंड भाडेकरूकडूनच वसूल होतो.

निशिगंध:
दोघांचेही मनापासून आभार. एजंटला विचारलं. मधल्या मजल्यावर टॉयलेट नाही, आणि ते भाडेवाढीचं कलमही लीजमध्ये आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी चढेन गं, तुम्हाला आवडलंय ना घर." आता काय करावं?

खारेवारे:
आई असंच म्हणणार. हे घर घेऊ नका. दुमजली जुन्या इमारतीतलं तळमजल्याचं युनिट बघा, पॉइंट लोमातही मिळतात आणि त्यात एकही पायरी चढावी लागत नाही. एखादं मनात भरलं की पत्ता मला खासगी निरोपात पाठवा. मी जवळच राहतो. सकाळी 6:30 ला तिथे उभा राहून आवाज ऐकतो, दारं सरकवून बघतो आणि कपाटांचे फोटो पाठवतो.