घर मिळालं, आता कसलं दुःख? असं विचारणाऱ्यांना

कोलंबसकर: कालच्या धाग्यावर एकाने भूतानी निर्वासितांबद्दल लिहिलं, "छावणीतून सुटले, अमेरिकेत घर मिळालं, आता जीव द्यायचं कारण काय?" डोकंच फिरलं. ओहायोत माझ्या शेजारी ही नेपाळीभाषक माणसं राहतात. १९९०च्या दशकात भूतानमधून हाकलली, झापा-मोरंगच्या छावण्यांत पंधरा-सोळा वर्षं काढली, २००८पासून इथे आली. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या काळात त्यांच्यातल्या १६ जणांनी आत्महत्या केली. म्हणजे वर्षाला लाखामागे २०.३, अमेरिकेचा दर १२.४ होता. शेती-गुरं सांभाळलेला बाप इथे पोराच्या पगारावर बसतो. त्यांच्यात केलेल्या पाहणीतही, घर चालवणं हातातून गेलेल्यांच्या मनात जीव द्यायचे विचार जास्त दिसले.

विदर्भवाला: १६ माणसांवर एवढं? आमच्याकडे शेतकरी मरतात तेव्हा कुठे असता?

कोलंबसकर: तो धागा काढा, पहिला मी येईन. इथे हा विषय बुडवू नका.

परिचारिका: मुद्दा दुभाष्याचा आहे. इथे अमेरिकेत आमच्या दवाखान्यात असेच एक भूतानी आजोबा आले, सोबत बारा वर्षांचा नातू. डॉक्टर म्हणाले, "विचार, मरावंसं वाटतं का?" पोरगं खुर्चीचं रेक्झिन नखाने खरवडत बसलं. मग म्हणालं, "बरंय म्हणतात." आजोबांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

पुणेकर८१: मीही आईसाठी दुभाषी झालोय. घरचं माणूसच बरं.

परिचारिका: गुडघेदुखी सांगायला असेल हो! इथे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषी फुकट द्यावाच लागतो. तोही समजदार हवा. नेपाळीत 'मन' दुखतं म्हणायला लाज नाही, पण 'दिमाग' बिघडला म्हणजे वेडा ठरवलं. एका दुभाष्याने तोच शब्द वापरला, तपासायला आलेल्या बाई उठून गेल्या.

विदर्भवाला: आणि असं थेट विचारून नसलेलं डोक्यात भरवायचं?

परिचारिका: भाऊ, विचारल्याने भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

विदर्भवाला: माझा चुलतभाऊ गेला. शेवटच्या पोळ्याला बैल सजवताना नुसता शिंगांवरून हात फिरवत होता. मला कळत होतं. याच भीतीने विचारलं नाही.

परिचारिका: दोष तुमचा नाही, भाऊ. भारतात १४४१६ आहे, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. अमेरिकेत तशीच ९८८, त्या फोनवर दुभाषी मागता येतो.

विदर्भवाला: दुभाष्याचं मान्य. आकड्यांचं अजून नाही. शेतकऱ्यांचा धागा आज रात्री काढतोय, दोघंही या.