ह्यूबर्ट ओगुंदे: सिनेमे चारच, तरी एवढं नाव का?

चित्रकथी:
नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या योरुबा लोकांच्या सिनेमाबद्दल वाचताना ह्यूबर्ट ओगुंदे (१९१६–१९९०) हे नाव सारखं समोर येतं. पण त्यांचे स्वतःचे सिनेमे चारच. मग एवढा मान कशाचा? आणि ते पाहायला सुरुवात कुठून करावी?

नेपथ्य:
मान नाटकाचा आहे, म्हणून १९४४ पासून सुरुवात करा. इजेबू-ओडेजवळच्या ओसोसाचे ओगुंदे आधी शिक्षक, मग पोलीस शिपाई होते. अलादुरा चर्चसाठी (प्रार्थनेवर भर देणारा तिथला ख्रिस्ती पंथ) बसवलेलं त्यांचं पहिलं संगीत नाटक लेगॉसच्या ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये झालं. पुढे नोकरी सोडून त्यांनी पोटापाण्यासाठी नाटक मंडळी काढली. 'स्ट्राइक अँड हंगर' १९४५च्या सार्वत्रिक संपावर होतं, तर 'ब्रेड अँड बुलेट' १९४९ साली एनुगूत खाणकामगारांवर झालेल्या गोळीबारावर. दोन्हींना वसाहती सरकारने काही ठिकाणी मज्जाव केला.

खरी झळ मात्र स्वातंत्र्यानंतर बसली. १९६४चं 'योरुबा रोनू', म्हणजे 'योरुबांनो, विचार करा', पुढाऱ्यांमधल्या फाटाफुटीवर होतं. नायजेरियाच्या पश्चिम प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, अकिंतोला यांच्या सरकारने मंडळीला प्रांतात खेळ करायलाच बंदी घातली. योरुबा मंडळीचा बहुतेक प्रेक्षक तिथलाच, म्हणजे गल्लाच बंद! १९६६च्या लष्करी सत्तांतरानंतर बंदी उठली.

खेळगडी:
मंडळी टिकवणं सोपं नव्हतं. त्या काळी नटी मिळणं अवघड, आणि तयार झालेली नटी लग्न होऊन गेली की बसवलेलं नाटक अडायचं. ओगुंदेंनी आपल्या अनेक नटींशी स्वतःच लग्न केलं. मंडळीचा कणा त्याच होत्या.

सिनेमाचा धंदाही नाटकासारखाच चालला. 'आये' (१९७९) आधी रंगमंचावर गाजलेलं, नटसंच आपलाच, दिग्दर्शनाला ओला बालोगुन. फिल्म धुवायची सोय देशात नव्हती, त्यामुळे ती परदेशी पाठवावी लागे. प्रती थोड्या आणि महाग. म्हणून निर्माता प्रत घेऊन गावोगाव फिरायचा, हॉल भाड्याने घ्यायचा आणि तिकिटं स्वतः विकायचा. प्रत नजरेआड झाली की काय होतं ते विनोदी नट बाबा साला यांच्या 'ओरुन मूरू'ने (१९८२) दाखवलं: चोरट्या व्हिडिओ कॉप्या सुटल्या आणि ते कर्जात बुडाले.

चित्रकथी:
आता उलगडलं. मग पाहण्याचा क्रम?

नेपथ्य:
'आये', लगेच 'जायेसिन्मी', मग 'आरोपिन न्तेनिया' (१९८२) आणि 'आयान्मो' (१९८८). 'आये'मध्ये चेटकिणींशी झुंजणारा ओसेतुरा स्वतः ओगुंदेंनी केला आहे. त्याचे मंत्र चालू असताना उपशीर्षकांवर विसंबू नका. योरुबात स्वर चढला-उतरला की शब्दाचा अर्थ बदलतो. मंत्राचा जोर त्या नादसाम्यातच असतो आणि भाषांतरात नेमका तोच गळतो. तो प्रसंग एकदा वाचत बघा, मग खालच्या ओळी झाकून फक्त कानांनी ऐका.