उलंगवाडी, मेंढ्या बसवणे आणि रान मोकळं होणे

पुणेकर: ऑफिसातला अकोल्याचा सहकारी सेलचा शेवटचा दिवस संपल्यावर म्हणाला, "चला, झाली उलंगवाडी." आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेतीतला शब्द आहे एवढंच त्याने सांगितलं. नेमका अर्थ काय? आणि पीक निघाल्यावर शेतात गुरं-मेंढ्या सोडतात त्याला मराठीत एकच असा शब्द आहे का? एका लेखात मी 'शेतकरी कापणीनंतर धनगराच्या मेंढ्या चारतो' असं लिहिलंय, पण वाचताना खटकतंय.

वऱ्हाडी: उलंगवाडी म्हणजे नुसती कापणी नव्हे. कपाशीचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, हाती लागण्यासारखं काही उरलं नाही, राखण उठली, आता कुणाचीही गुरं आत गेली तरी कोणी ओरडणार नाही, ही सगळी अवस्था त्या एका शब्दात येते. आमच्याकडे वेचणीची सुरुवात सीतादहीने, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेने, होते आणि शेवट उलंगवाडीने. बोलण्यात मग तो कुठेही लागतो: लग्नाचा मांडव रिकामा झाला, दुकान बसलं, पक्षातले सगळे पळाले, झाली उलंगवाडी! थोडा खवचटपणा असतोच त्यात.

अलीकडे मात्र ती लांबत चालली होती. पाणी असलं की लोक फरदड ठेवतात, म्हणजे त्याच कपाशीला पुन्हा पाणी देऊन उशिरापर्यंत बोंडं घेतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला तेव्हापासून कृषी खात्याने फरदड नको म्हणून घोकायला सुरुवात केली. हंगाम वेळेवर संपवा, शेतात शेळ्या-मेंढ्या, गुरं सोडा, असा सल्ला असतो. झाडावर राहिलेली हिरवी बोंडं जनावरांनी खाल्ली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत टिकायला आसरा उरत नाही. आजोबा हेच करायचे, फक्त पत्रक नव्हतं.

माणदेशी: तुमच्या वाक्यात खटकतंय ते क्रियापद. मेंढ्या 'चारतो' तो धनगर. शेतकरी मेंढ्या 'बसवतो'. "यंदा खालच्या पट्टीत मेंढ्या बसवल्या" असं आम्ही म्हणतो. दिवसा त्या धसकटं, पाला, बांधावरचं गवत खात फिरतात. रात्री त्याच शेतात वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप कोंडतात. लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. दुसऱ्या रात्री वाघूर शेजारच्या तुकड्यात सरकवायची, म्हणजे सगळं रान खतावतं. चारा मेंढपाळाला मिळतो, तरी बहुतेक ठिकाणी पैसे किंवा धान्य शेतकरीच देतो. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटतं.

जुनाजाणता: वाघुरीचा वाघाशी संबंध जोडू नका. संस्कृत 'वागुरा' म्हणजे जनावरं पकडायचं जाळं, त्यावरून वाघूर. लांडग्याने वाघूर तोडली अशा बातम्या येतात, तिथे वाघाला उगाच आणायला नको.

रत्नागिरीकर: दिवाळीनंतर फलटण, माण, पारनेरकडचे धनगर घाट उतरून कोकणात यायचे ते भातकापणी झालेल्या खाचरांसाठीच. मेंढ्या बसवल्याचे तांदूळ मिळायचे. आता त्यांचे वाडे, म्हणजे कळपासह पडणारे तळ, कमी दिसतात. गावातली स्वतःची गुरं मात्र कापणी झाली की मोकळी सुटतात. त्यांना आम्ही 'उनाड गुरं' म्हणतो, आणि हा शब्द कौतुकाचा नाही. भातानंतरच्या ओलीवर कोणी वाल, कुळीथ, मूग पेरला की एकट्याने कुंपण घालायचं, कारण बाकी सगळ्यांच्या दृष्टीने रान मोकळं झालेलं असतं.

वऱ्हाडी: अगदी. ओलीत, म्हणजे पाण्याखालची शेती, वाढल्यापासून आमच्याकडेही तेच. सोयाबीन निघालं, कुटार (मळणीनंतरचा भुसा) गोळा केलं की लगेच हरभरा. शेजाऱ्याची उलंगवाडी झाली म्हणून गुरं सोडली आणि ती माझ्या हरभऱ्यात शिरली, तर थेट कोंडवाडा. त्यासाठी १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे.

पशुवैद्यक: चर्चेत आडवा येतो, पण ज्वारीच्या शेताबद्दल एक शब्द राहिला: 'किराळ लागणे'. कापलेल्या ज्वारीला पाऊस किंवा पाणी मिळून कोवळे फुटवे आले आणि उपाशी जनावराने ते भसाभस खाल्ले, तर त्यातल्या सायनाईडच्या विषाने ते थोड्या वेळात पडतं. धाप लागते, तोंडाला फेस येतो. तेव्हा धसकटं ठीक, पण हिरवे पोंगे दिसले तर त्या रानात जनावर घालू नये. कोणी घातलंच असेल, तर वाट न बघता डॉक्टरला बोलवा.

पुणेकर: मग वाक्य असं करतो: 'ज्वारी निघाल्यावर शेतकरी रानात धनगराच्या मेंढ्या बसवतो.' चालेल?

माणदेशी: चालेल. फक्त 'धनगराला सांगून' घाला. बोलावल्याशिवाय वाडा उतरत नाही.