उमेदवाराचा खोटा आवाज: नवा कायदा हवा की आहे तो पुरे?

विडीघरकुल: महापालिकेच्या मतदानाच्या आदल्या रात्री आईच्या फोनवर क्लिप आली. आमच्याच प्रभागातल्या उमेदवाराचा आवाज, चांगल्या तेलुगूत: मी माघार घेतली, मतं वाया घालवू नका. आई विड्या वळत होती. फोन सुपाला टेकवलेला. हातातली विडी तशीच ठेवून तिनं दोनदा ऐकलं आणि शेजारच्या अक्कांना हाक मारली. तिला वाचता येत नाही, तिच्यासाठी आवाज म्हणजेच माणूस. सकाळी केंद्राबाहेर तोच उमेदवार उभा दिसला, तेव्हा उलगडा झाला. 'एआयनिर्मित' अशी चिठ्ठी चिकटवून आईला काय कळणार? मे 2024 मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना सांगितलं, बनावट मजकूर लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. पण टाकणारा पक्षाचा नाहीच म्हटल्यावर काढायचं कुणी? वेगळा कायदा करा, कैदेची तरतूद ठेवा.

सातरस्ता_वकील: आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण कायदा आहे की ओ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ड: संगणक वापरून तोतयेगिरीनं फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. न्याय संहितेचं 175 पण आहे. नवीन कलम आलं की पोलीस आधी नकला करणाऱ्या पोराला उचलतील. 2012 ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली होती. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं, रद्द व्हायला 2015 उजाडलं.

विडीघरकुल: वकीलसाहेब, 175 मध्ये नुसता दंड, तोही उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल, वागण्याबद्दल खोटं बोललं तर. 'माघार घेतली' यात चारित्र्य कुठं आलं? आणि 66-ड लावलं तर मत गेलं म्हणजे कायद्यातली फसवणूक झाली का, यावरच तारखा पडत राहतील.

यंत्रमाग_जुनीपेठ: मला वकिलांचं पटतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला जानेवारी 2024 मध्ये बायडेन यांच्या नकली आवाजात फोन गेले, मतदान करू नका म्हणून. करवून घेणाऱ्याला 60 लाख डॉलर दंड ठोठावला, पण फौजदारी खटल्यात ज्युरीनं 2025 ला निर्दोष सोडलं. शिवाय खरी क्लिप बाहेर आली, की नेता 'डीपफेक' म्हणून हात झटकणार. ठरवणार कोण? निकाल येईस्तोवर नगरसेवकाची मुदत संपेल.

विडीघरकुल: म्हणूनच कायदा आखूड ठेवा म्हणतोय. माघार, मतदानाची तारीख, केंद्राची जागा, एवढ्याच तीन गोष्टी. यांची खातरजमा निवडणूक अधिकारी पाच मिनिटांत करतो, प्रयोगशाळा लागत नाही. नकला, टीका, व्यंगचित्रं याच्या बाहेर. आणि खुलासा कागदावर नको. त्याच रात्री रिक्षावर भोंगा लावून आमच्या घरकुल वसाहतीत फिरवा, तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत.

सातरस्ता_वकील: तीनच गोष्टी असतील तर माझा विरोध निम्मा कमी झाला. कैदेला मात्र अजूनही आहे. भोंग्याचं आधी करा, त्याला कायदाही लागत नाही.